पुण्यांत जन्मलेला खेळ आणि आपलीं मुलें

दिवाळीची सुटी संपून थंडीस सुरुवात झाली म्हणजे सावेडींतील गल्लोगल्लीं सायंकाळीं एक देखावा दृष्टीस पडतो. एका बाजूस विजेचा खांब व दुसऱ्या बाजूस कोणाचें तरी फाटक, अशी मध्यें दोरी बांधलेली असते. विटेच्या तुकड्यानें डांबरी रस्त्यावर रेघा ओढलेल्या असतात. आणि दोन्ही बाजूंस दोन-दोन मुलें, क्वचित् त्यांतच एखाद्याची आत्या किंवा वडील, बॅडमिंटन खेळत असतात. फूल बहुधा प्लॅस्टिकचें असतें, कारण पिसांचें फूल अशा रस्त्यावर एका डावांतच झिजून जातें. मोटारसायकल आली कीं दोरी खालीं करावयाची, ती गेली कीं पुन्हां वर ओढावयाची. नगरचा वारा मात्र असा कोणाच्या सांगण्यानें खालीं बसत नाहीं. मुलुख पडला उघडा. तो मोकळा सुटतो, आणि नेमकें मारलेलें फूल शेजाऱ्याच्या गच्चीवर नेऊन ठेवतो.

आम्ही हा खेळ कित्येक वर्षें पाहत आलों आहों. पाहतां पाहतां एक गोष्ट आमच्या ध्यानांत आली. पांचवी-सहावींतील मुलें या दोरीच्या दोन्ही बाजूंस भरपूर दिसतात. आठवींत तीं निम्मीं होतात. आणि दहावीचें वर्ष आलें म्हणजे रॅकेट माळ्यावर जाते, ती बहुधा पुन्हां खालीं येत नाहीं. मुलींच्या बाबतींत ही गळती याहूनहि आधीं सुरू होते. हें असें कां व्हावें, आणि असें होऊं देण्यांत आपलें कांहीं हरवतें कीं काय, याविषयीं पालक व विद्यार्थी या दोघांशींहि चार शब्द बोलावे असें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम, ज्या खेळास आपण विलायती समजतों तो कोठला, हें पाहूं. पिसें खोंवलेलें बूच फळीनें उडविण्याचा पोरखेळ चीन, ग्रीस, इंग्लंड वगैरे देशांत फार पूर्वीपासून होता. परंतु मध्यें जाळें बांधून, हद्दी आंखून, गुण मोजून खेळण्याचा जो खेळ आज जगभर चालतो, त्याची घडण सन १८७० च्या सुमारास आपल्या पुण्याच्या छावणींत, इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांच्या हातून झाली. त्या काळीं त्या खेळास 'पूना' असेंच नांव होतें. रजेवर मायदेशीं गेलेल्या अधिकाऱ्यांनीं तो बरोबर नेला, आणि ग्लॉस्टरशायर परगण्यांतील ड्यूक ऑफ बोफर्ट यांच्या 'बॅडमिंटन' नांवाच्या वाड्यावरून त्यास हल्लींचें नांव पडलें. सन १८९३ मध्यें इंग्लंडांत त्याची संघटना झाली, १८९९ मध्यें ऑल इंग्लंड स्पर्धा सुरू झाली. आपल्या देशाची संघटना मात्र १९३४ सालची. लेक सासरीं नांदली, मोठी झाली, आणि माहेरच्यांना तिची ओळख पटेनाशी झाली, असाच कांहींसा हा प्रकार आहे. नगरहून पुणें तें किती दूर! सकाळच्या एस. टी. नें जाऊन कामें उरकून रात्रीं जेवावयास घरीं परत येतां येतें. तेवढ्या अंतरावर जन्मलेल्या खेळाकडे पाहुण्याच्या नजरेनें पाहण्याचें आम्हांस कांहीं कारण दिसत नाहीं.

माहेरच्यांनीं अगदींच दुर्लक्ष केलें असें म्हणणेंहि अन्यायाचें होईल. क्रिकेटचे प्रख्यात खेळाडू व पुण्याच्या महाविद्यालयांतील संस्कृतचे अध्यापक प्रो. दि. ब. देवधर यांच्या तीन कन्या, सुंदर, सुमन व तारा, यांनीं १९४० नंतरच्या दशकांत देशांतील महिलांचें बॅडमिंटन गाजवून सोडलें. ज्या काळीं मुलीनें घाम येईपर्यंत धांवावें हेंच पुष्कळ घरांतून अप्रशस्त मानीत, त्या काळांतील ही गोष्ट आहे. आम्हांस या तिघींच्या विजयाहून त्यांच्या वडिलांचें अधिक कौतुक वाटतें. स्वतः मैदान गाजविलेल्या पुरुषानें मुलींच्या हातीं रॅकेट द्यावी व लोक काय म्हणतील याचा विचार दाराबाहेर ठेवावा, हें तेव्हां सोपें नव्हतें. आजहि कित्येक घरीं तें सोपें नाहीं.

पुढें सांगलीस १९३३ सालीं जन्मलेल्या नंदू नाटेकरांचा काळ आला. लहानपणीं त्यांचा ओढा टेनिसकडे होता. मागाहून ते बॅडमिंटनकडे वळले, व राष्ट्रीय एकेरीचें अजिंक्यपद त्यांनीं सहा वेळां मिळविलें. १९५४ मध्यें ऑल इंग्लंड स्पर्धेंत त्यांनीं उपांत्यपूर्व फेरीपर्यंत मजल मारली. आणि १९५६ सालीं मलायांतील सेलांगोर आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकली. परदेशांतील आंतरराष्ट्रीय विजेतेपद पटकावणारे ते पहिले भारतीय बॅडमिंटनपटू. १९६१ मध्यें अर्जुन पुरस्कार सुरू झाला, तेव्हां या खेळाचा पहिला पुरस्कार त्यांनाच मिळाला. ज्यांनीं त्यांचा खेळ पाहिला ते वडीलधारे लोक त्यांच्या बळाविषयीं फारसें बोलत नाहींत, मनगटाविषयीं बोलतात. जाळ्यापाशीं फूल असें अलगद सोडावयाचें कीं प्रतिपक्ष्यानें नुसतें पाहत राहावें. हे गृहस्थ २०२१ च्या जुलैंत निवर्तले. त्या दिवसांत आम्हीं वर्गांत त्यांचें नांव विचारलें तेव्हां एका वर्गांत एकहि हात वर झाला नाहीं, आणि आमच्या मतें त्यांत दोष मुलांचा नव्हता.

नाटेकरांनंतर प्रदीप गंधे व लेरॉय डि'सा यांनीं १९८२ च्या दिल्लीच्या आशियाई खेळांत दुहेरींत कांस्यपदक मिळविलें; पुण्याचे निखिल कानेटकर २००४ सालीं अथेन्सच्या ऑलिंपिकांत खेळले. पण येथून पुढें एक निराळीच रीत दिसूं लागते, आणि आमच्या तक्रारीचें मूळ तिच्यांत आहे. मुंबईच्या अपर्णा पोपट यांचेंच पाहा. १९९६ सालीं जागतिक कुमार स्पर्धेंत त्यांस रौप्यपदक मिळालें, आणि राष्ट्रीय एकेरीचें अजिंक्यपद त्यांनीं ओळीनें नऊ वेळां जिंकलें, म्हणजे या बाबतींत त्या प्रकाश पदुकोण यांच्या पंक्तीस जाऊन बसल्या. परंतु त्यापूर्वीच, अवघ्या सोळाव्या वर्षाच्या आसपास, त्यांस मुंबई सोडून बेंगळूरास पदुकोण यांच्याकडे शिकावयास जावें लागलें होतें. मुंबईचेच चिराग शेट्टी यांची गोष्टहि तीच. पायाभरणी मुंबईंत झाली. कळस चढला तो हैदराबादेस पुलेला गोपीचंद यांच्या अकादमींत. तेथें आंध्रांतील अमलापुरमचे सात्विकसाईराज रंकीरेड्डी यांच्याशीं त्यांची जोडी जमली.

या जोडीनें काय केलें तें विस्तारानें सांगितल्यावांचून आमच्यानें राहवत नाहीं. थॉमस चषकाची स्पर्धा १९४९ पासून चालत आली आहे. क्रिकेटास विश्वचषक तसा बॅडमिंटनास हा. २०२२ सालापर्यंत आपला संघ त्याच्या अंतिम सामन्यासहि कधीं पोंचला नव्हता. त्या वर्षीं १५ मे रोजीं बँकॉकमध्यें गांठ पडली ती चौदा वेळां हा चषक जिंकलेल्या इंडोनेशियाशीं. लक्ष्य सेन यांनीं पहिली एकेरी जिंकल्यावर दुहेरीस हे दोघे उतरले, आणि पहिला गेम १८-२१ असा हरून बसले. दुसऱ्या गेमांत सामना हातचा जातो कीं काय अशी वेळ अनेकदां आली. प्रत्येक वेळीं त्यांनीं ती परतविली, गेम २३-२१ असा घेतला, आणि तिसरा २१-१९. त्यानंतर किदंबी श्रीकांत यांनीं काम पुरें केलें व चषक भारताकडे आला. पुढल्या वर्षीं याच जोडीनें हांगचौच्या आशियाई खेळांत भारतास बॅडमिंटनचें पहिलें सुवर्णपदक मिळवून दिलें, आणि त्याच महिन्यांत ती जागतिक क्रमवारींत पहिली झाली. त्यापूर्वी कोणत्याहि भारतीय जोडीस हें साधलें नव्हतें.

आतां एक नाजूक गोष्ट. २०२४ च्या जुलैंत क्रिकेटचा टी-२० विश्वचषक जिंकणाऱ्या संघांतील मुंबईकर खेळाडूंचा राज्याच्या विधानभवनांत सत्कार झाला, व संघास ११ कोटी रुपयांचें पारितोषिक जाहीर झालें. तेव्हां चिराग शेट्टी यांनीं उघड खेद व्यक्त केला कीं, थॉमस चषकहि विश्वचषकाच्याच तोलाचा आहे; पण त्या संघांतील महाराष्ट्राचा एकटा खेळाडू असूनहि राज्यानें आपली विचारपूस केली नाहीं. कित्येकांस हें बोलणें रुचलें नाहीं. खेळाडूनें मान मागून घेऊं नये, असें ते म्हणाले. आमचें मत निराळें आहे. जो मागतो तो स्वतःसाठींच मागतो असें नव्हे. त्याच्यामागून येणाऱ्या मुलांसाठीं कोणी तरी तोंड उघडावें लागतेंच. तथापि आम्हांस त्या तक्रारींत एक उणीव वाटते. सत्काराचे रुपये कितीहि असोत, ते येतात खेळाडू पंचविशीस पोंचल्यावर. ज्या वयांत मुलास खरी गरज असते, म्हणजे अकराव्या-बाराव्या वर्षीं, बंद छताखालचें एक कोर्ट, एक जाणता शिक्षक व आठवड्यास पिसांच्या फुलांचा एक डबा, एवढेंच त्यास पाहिजे असतें. आणि तेंच मोठ्या शहरांबाहेर मिळत नाहीं. चषक जिंकल्यावर हार घालावयास आपण सर्वच धांवतों. पहिल्या रॅकेटची तार तुटली त्या दिवशीं कोण होतें, हें कोणी विचारीत नाहीं.

येथें जपानचें उदाहरण मुद्दाम घेतों. जपानी माणूस अंगानें आपल्याहून थोर नाहीं. नोझोमी ओकुहारा व अकाने यामागुची या त्यांच्या दोन नामांकित खेळाडू उंचीनें जेमतेम ५ फूट १ इंच, म्हणजे आमच्या नववीच्या वर्गांतील पुष्कळ मुली त्यांच्याहून उंच निघतील. २०१७ सालीं ग्लासगोस झालेल्या जागतिक अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यांत याच ओकुहारानें आपल्या पी. व्ही. सिंधू यांना ११० मिनिटें झुंजवून हरविलें. सिंधू यांनीं दोन वर्षांनीं बासल येथें २१-७, २१-७ अशी त्याची परतफेड केली, हेंहि सांगावयास हवें.

जपानी महिलांनीं उबर चषक प्रथम १९६६ सालीं जिंकला व एकंदर सहा वेळां नेला. त्यांच्या पुरुषांस मात्र थॉमस चषक २०१४ पर्यंत मिळाला नाहीं. मधल्या काळांत त्यांनीं केलें काय? २००४ मध्यें पार्क जू-बोंग या कोरियन प्रशिक्षकास आणून राष्ट्रीय संघ त्यांच्या हवालीं केला. शेजाऱ्याकडून शिकण्यांत कमीपणा मानला नाहीं. परंतु आमच्या मतें त्यांचें खरें बळ याहून खालच्या थरांत, म्हणजे शाळांत आहे. जपानांत बहुतेक शाळांना स्वतःची व्यायामशाळा असते. वर्ग सुटल्यावर मुलें आपापल्या क्रीडामंडळांत जातात, फरशी स्वतः झाडून पुसून घेतात, जाळें स्वतः बांधतात, आणि तेथेंच रोज खेळतात. शालेय स्पर्धा म्हणजे तेथें वर्षाकांठचा उपचार नसतो. पुढें मोठमोठ्या कंपन्या आपापले संघ बाळगतात. खेळाडू त्या कंपनीचा नोकर म्हणून पगार घेतो व तिच्याकडून खेळतो.

यामागुची ही फुकुई प्रांतांतील कात्सुयामा नांवाच्या एका लहान गांवची. तिनें माध्यमिक शिक्षण आपल्या गांवच्याच शाळेंत घेतलें. आणि तें चालू असतांनाच, सोळाव्या वर्षीं, २०१३ ची जपान ओपन स्पर्धा जिंकली. पुढें ती २०२१, २०२२ व २०२५ अशी तीन वेळां जगज्जेती झाली. आमच्या डोळ्यांपुढें अपर्णाबाईंचें बेंगळूर व चिरागचें हैदराबाद एका बाजूस येतें आणि या मुलीचें कात्सुयामा दुसऱ्या बाजूस. गुण दोन्हीकडे सारखेच आहेत. फरक इतकाच कीं, आमच्याकडे मुलास खेळासाठीं घर, शाळा व आई हीं तिन्ही एकदम सोडावीं लागतात. हें ज्यांना परवडतें त्यांचींच मुलें पुढें जातात, आणि बाकीच्यांच्या रॅकेटी माळ्यावर.

जपानचें सर्वच सोन्याचें आहे असें मात्र कोणीं समजूं नये. त्यांचा केन्तो मोमोता जुगाराच्या प्रकरणांत सांपडून २०१६ च्या ऑलिंपिकास मुकला. पुढें सुधारून २०१८ व २०१९ असा दोनदां जगज्जेता झाला. आणि २०२० च्या जानेवारींत मलेशियांत मोटारच्या अपघातांत जखमी झाला, त्यानंतर त्याचा पूर्वीचा खेळ परत आला नाहीं. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकांत जपानास दोन कांस्यपदकांवर समाधान मानावें लागलें. आपल्यास तर तेंहि नाहीं. सात्विक-चिराग उपांत्यपूर्व फेरींत हरले व लक्ष्य सेन यांचें कांस्यपदक अगदीं हातातोंडाशीं येऊन गेलें.

मोमोताची हकीकत आम्हीं सांगितली ती पालकांसाठीं. खेळाडूचें आयुष्य असें एका रात्रींत पालटूं शकतें, ही आपली भीति खरी आहे व तिची थट्टा करणें आम्हांस मान्य नाहीं. एका विद्यार्थिनीचे वडील आम्हांस म्हणाले, "सर, तिला खेळूं द्यायला माझी ना नाहीं. पण पुढं काय?" याचें प्रामाणिक उत्तर असें आहे. राज्याच्या शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंस ५ टक्के जागा राखीव आहेत. रेल्वे व तेल कंपन्या नामांकित खेळाडूंस नोकरींत घेतात. दहावी-बारावीस पात्र खेळाडूंस वाढीव गुण मिळतात. हें सर्व खरें असलें तरी या जागा मोजक्या, आणि मागणारे हजारों. यांच्या भरंवशावर मुलास शाळेंतून काढून अकादमींत घालावें असा सल्ला आम्ही देणार नाहीं. उलट, पंधराव्या वर्षीं पुस्तकें मिटावयास लावून पदकाची हमी देणारा जो कोणी भेटेल, त्यास दुरूनच नमस्कार करावा.

परंतु 'अभ्यास किंवा खेळ' अशी निवड करावयाची, हें तरी कोणीं ठरविलें? नागपूरच्या मालविका बनसोड यांनीं २०२२ च्या इंडिया ओपन स्पर्धेंत सायना नेहवाल यांना हरविलें, व २०२४ मध्यें जर्मनींतील हायलो ओपनच्या अंतिम सामन्यापर्यंत मजल मारली. त्यांचे आईवडील दोघेहि दंतवैद्य. आणि मुलीस नीट मार्गदर्शन करतां यावें म्हणून आईनें क्रीडाशास्त्राचें उच्च शिक्षण घेतलें. आईनेंच पुन्हां विद्यार्थिनी व्हावें, याहून मुलीच्या अभ्यासास दुसरें उत्तेजन तें कोणतें! दुसरें उदाहरण मुंबईच्या मानसी जोशी यांचें. त्या शिक्षणानें अभियंत्या. लहानपणीं वडिलांबरोबर हौसेनें बॅडमिंटन खेळत. २०११ सालीं रस्त्यावरील अपघातांत त्यांचा एक पाय गेला. ती जुनी हौस त्यांनीं कृत्रिम पायावर पुन्हां उभी केली, आणि २०१९ च्या ऑगस्टमध्यें त्या बासल येथें दिव्यांगांच्या स्पर्धेंत जगज्जेत्या झाल्या. ज्या आठवड्यांत सिंधू जिंकल्या त्याच आठवड्यांत, त्याच शहरीं. सिंधूंचें नांव आमच्या मुलांना पाठ आहे; मानसीबाईंचें आतां पाठ व्हावें. त्या बापलेकींनीं खेळ आरंभिला तेव्हां पदकाचा विचारहि त्यांच्या मनांत नसावा. संध्याकाळचा एक तास, एवढाच तो व्यवहार होता.

आणि म्हणून आमची मागणी त्या एका तासापुरतीच आहे. आमच्या शाळेच्या सभागृहांत प्रार्थना होते, स्नेहसंमेलन होतें, वर्षांतून चार वेळां परीक्षेचीं बाकें मांडलीं जातात, आणि एरवीं दुपारीं चारनंतर त्यास कुलूप असतें. बॅडमिंटनचें कोर्ट ४४ फूट लांब व २० फूट रुंद. बाकें भिंतीस लावलीं तर तें सभागृहांत सहज मावतें, हें आम्हीं स्वतः दोरी धरून मोजलें आहे. छत मोठ्या स्पर्धेस पुरेल इतकें उंच नाहीं, आणि मधला पंखा नेमका फुलाच्या वाटेंत येतो. गेल्या पावसाळ्यांत दोन मुलांनीं परवानगी काढून तेथें खेळून पाहिलें, तेव्हां पहिलेंच उंच फूल पंख्याच्या पात्यावर जाऊन बसलें व तें अद्याप तेथेंच आहे. पण आंत वारा नाहीं! ज्यानें आयुष्यभर सावेडीच्या वाऱ्यांत फूल मारलें, त्यास बंद सभागृहांत तें आपल्या मनासारखें पडतांना पाहून काय वाटतें, हें त्या दोन मुलांचे चेहरे पाहिल्यावर आम्हांस कळलें.

आम्हीं मुख्याध्यापकांकडे लेखी विनंती केली आहे कीं, मधला पंखा काढून दोन्ही बाजूंस दोन लावावे, फरशीवर पांढऱ्या रंगाच्या रेघा कायमच्या आंखाव्या, व सोमवार ते शुक्रवार साडेचार ते सहा सभागृह उघडें ठेवावें. त्यांतील दोन दिवस केवळ मुलींसाठीं असावे, आणि दहावीच्या मुलांस नांव नोंदविण्याची मनाई नसावी. फुलांच्या डब्यांचा खर्च कोठून काढावयाचा, असा प्रश्न आला. त्यावर आम्हीं सुचविलें आहे कीं, वार्षिक समारंभांत पाहुण्यांस हार, श्रीफळ व शाली देण्यासाठीं जी रक्कम धरलेली असते ती एक वर्ष इकडे वळवावी. पाहुणे रागावणार नाहींत. निदान खेळाचें बक्षीस द्यावयास येणाऱ्या पाहुण्यानें तरी रागावूं नये. झाडण्यापुसण्याचें काम मुलें करतील. तसें त्यांनीं कबूल केलें आहे. नांवनोंदणीचा कागद सभागृहाच्या दारावर लावला आहे, आणि हा अंक छापावयास जाईपर्यंत त्यावर एकेचाळीस नांवें आलीं आहेत. त्यांत दहावीचीं सहा आहेत. पंख्यावरचें तें फूल काढावयास शिडी मात्र अजून मिळालेली नाहीं.